मशीनमधले मिस्त्री

मशीन आणून आठवडा झाला तरी मांजर त्याच्या जवळ गेलं नव्हतं, हे पहिल्यांदा सुताराच्या बायकोच्या लक्षात आलं.

एरवी कारखान्यात ते मांजर कशावरही झोपायचं. भुशाच्या पोत्यावर, रंध्याच्या टेबलावर, एकदा तर ओल्या पॉलिशवरसुद्धा. पण कोपऱ्यातल्या, लाकूड गोल कातायच्या या जुन्या लेथपाशी आलं की ते थबकायचं, पाठीवरचे केस उभे करायचं आणि भिंतीच्या कडेने लांबचा वळसा घालून जायचं. तिथे कुणीतरी पाय पसरून बसलंय आणि त्याला ओलांडायचं नाही, असं.

"मुक्या जनावराला कळतं," बायको म्हणाली.

"काय कळतं?"

"ते आपल्याला कळलं असतं तर जनावराची कशाला वाट बघितली असती?"

सोळा खुर्च्यांचे गोल पाय करून द्यायचे होते, म्हणून सुताराने दलालामार्फत हे मशीन घेतलं होतं. त्याच्यावर एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी चाळीस वर्षं काम केलं होतं. गेल्या साली ते तापाचं निमित्त होऊन गेले. मशीन दणकट होतं, फक्त मोटर लहरी. बटण दाबलं की आधी नुसतीच हुंकार द्यायची आणि मनात आलं तर फिरायची.

पहिल्याच सोमवारी मिस्त्रींच्या पत्नी आल्या. शांत, बारीक चणीच्या बाई. दारातच त्यांनी चपला काढल्या. सुतार म्हणाला, "असू द्या काकू, खिळे असतात खाली." त्यांनी ऐकलं नाही. अनवाणीच कोपऱ्यात गेल्या आणि बोटांची मागची बाजू मशीनला हळूच लावली. आजारी माणसाचा ताप बघावा तशी. मशीन बंद होतं.

क्षणभराने त्यांनी हात मागे घेतला.

"अजून आहे," त्या म्हणाल्या.

सुताराच्या मानेवर काटा आला. नवऱ्याला एकेरीत कसं म्हणतात, हे त्याच्या मनात आलं खरं. पण गेलेला माणूस देवाघरचा, आणि देवाला कुठे कुणी अहोजाहो करतं? समजूत घालावी म्हणून तो म्हणाला, "असू दे की काकू. आम्हाला काही त्रास नाही."

बाईंनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "यांचंही हेच म्हणणं असायचं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

पुढच्या सोमवारी तेच. त्याच्या पुढच्याही सोमवारी तेच. चपला काढायच्या, हात लावायचा, अजून आहे म्हणायचं, सुताराचं 'असू दे' ऐकायचं आणि जायचं. त्या गेल्यावर सुतार मशीनला हात लावून बघायचा. त्याला काही म्हणजे काही लागायचं नाही. गार लोखंड, बस.

मग एका दुपारी तो जेवून आला, दार त्याच्या हातून सुटून आपटलं आणि मशीन फिरलं. बटण बंद होतं. मशीनवर चढवलेला खुर्चीचा अर्धवट पाय चार फेरे सावकाश फिरला आणि थांबला. कुणीतरी काम उलटसुलट करून बघावं, नापसंत करावं आणि ठेवून द्यावं, तसा. सुताराने जवळ जाऊन बघितलं. त्या पायाची एक कड खरंच चुकली होती.

त्या दिवसापासून तो मशीनला हात लावण्याआधी मनातल्या मनात परवानगी मागू लागला.

चौथ्या आठवड्यात त्याच्या रबरी चपलेचा अंगठा तुटला. तो अनवाणीच कामाला उभा राहिला आणि मशीनवर हात टेकला, तर कुणीतरी त्याचा हात धरला. जोरात नाही. झिणझिण्या बोटांतून कोपरापर्यंत चढल्या, शिकाऊ माणसाचा हात धरून हत्यार कसं धरायचं ते दाखवावं इतक्या सावकाश.

"मिस्त्री," सुतार हळूच म्हणाला, "चुकलं असेल तर सांगा."

बायको मागे येऊन उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, त्याच्या अनवाणी पायांकडे बघितलं, अनवाणी मांजराकडे बघितलं आणि म्हणाली, "मी दादाला बोलावते."

तिचा भाऊ वायरमन. भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता आणि हे तो न विचारता सांगायचा. त्याने टेस्टर मशीनला लावला. मशीन बंद, आणि टेस्टरमधला दिवा लाल पेटला.

"हे बघा तुमचे मिस्त्री," तो म्हणाला.

त्याने मोटरचं झाकण उघडलं. आतल्या तारांवरचं रबर केव्हाच झडून गेलं होतं आणि त्यावर कापडाच्या चिंध्या दोऱ्याने करकचून बांधल्या होत्या, जखमेवर बांधाव्यात तशा. बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं, त्यामुळे मशीन बंद केलं तरी आतली वीज जागीच. बटणातली तार सैल, दार आपटलं की जाऊन टेकणारी. आणि अर्थिंगची तार मुळात नव्हतीच.

"चाळीस वर्षं या माणसाने यावर काम केलं?" मेहुण्याचा आवाज जरा उतरला. "दाजी, तुम्ही चपलेमुळे वाचलात."

सुताराने मोटरमध्ये डोकावून बघितलं. मग म्हणाला, "थोडा ठेवता येईल का? काकूंपुरता?"

"काय ठेवता येईल?"

"करंट. त्या दर सोमवारी त्याच्यासाठी येतात रे. हात लावतात आणि बघतात, आहेत का ते."

"करंट म्हणजे दूध आहे का, कपभर बाजूला काढून ठेवायला?" मेहुणा म्हणाला आणि कामाला लागला. दोन दिवसांत नव्या तारा घातल्या, बटण नीट बसवलं, अर्थिंग केलं. मोटर पहिल्या झटक्यात फिरू लागली. सुताराला ते मशीन एकदम परकं वाटलं.

सोमवारी मेहुणा शेवटचं तपासायला आला होता, तेवढ्यात काकू आल्या. चपला काढल्या. बोटांची पाठ लावली. थांबल्या. मग मोटरला लावली, मग मशीनच्या पायाला.

"नाही," त्या म्हणाल्या.

"काकू, माफ करा." सुताराने हात जोडले. "माझ्या हातून गेले ते."

"कोण गेले?"

"मिस्त्री."

काकूंनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या बायकोकडे. ती नजर चुकवून भुसा बघत होती.

"मी करंट बघत होते," काकू म्हणाल्या. "दलालाला चारदा बजावलं होतं, अर्थिंग केल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका म्हणून. सांगितलं नाही त्याने? म्हटलं, आपणच जाऊन टोकत राहावं. तर तुम्ही आपले दरवेळी 'असू दे' म्हणताय. मला वाटलं, हाही यांच्यासारखाच हट्टी निघाला."

सुतार खाली बसला. काकू मेहुण्याकडे वळल्या.

"तुम्ही केलंत हे? मग आमच्या घरी याल का एकदा? घरातलं सगळं वायरिंग यांनीच केलंय, स्वतःच्या हाताने. छत्तीस बटणं आहेत. मी पाचच वापरते."

"आणि बाकीची?"

काकू चपला घालत होत्या. "बाकीच्यांतलं एक मी एकदा दाबलं होतं. शेजारच्या घरात काहीतरी सुरू झालं आणि ते लोक महिन्याभरात जागा सोडून गेले. उरलेल्यांचं काय ते यांनाच ठाऊक होतं."

मेहुण्याने पेचकस पिशवीत ठेवला, पिशवी खांद्याला लावली आणि दारापर्यंत जाऊन मागे वळला.

"दाजी," तो म्हणाला, "तुम्हीही चला. एकट्याने नको."