मामाला माफीची मनाई

जयवंतीताईच्या घरी पोचल्यावर हरेशने तोंड उघडलं ते "चुकलं माझं, ताई" असं म्हणण्यासाठीच. शब्द अगदी जिभेवर आले होते. समोर जिन्यावरून पाणी उतरत होतं. जिन्याखालच्या पलंगावर मानपानाच्या साड्या भिजून पडल्या होत्या आणि त्यातल्या एका लाल साडीने आपला रंग विहीणबाईंच्या मोतिया साडीला देऊन टाकला होता. ताई कमरेवर हात ठेवून भावाकडे बघत होती.

गच्ची हरेशची होती. म्हणजे घर ताईचं, पण गच्चीचा नकाशा त्याचा, सही त्याची आणि उतारही त्यानेच काढून दिलेला. तो इंजिनिअर होता आणि सख्ख्या बहिणीच्या घराचं काम दुसऱ्या कोणाला देणं गिरीज गावात कोणाला सुचलंही नसतं. आठवड्यावर आलेल्या भाचीच्या, हेमांगीच्या हळदीसाठी तिच्या मैत्रिणींनी गच्ची पाइप लावून धुतली, तर पाणी केळीच्या वाडीत जायचं सोडून जिन्याने घरात आलं. उतार उलटा झाला, असा निकाल शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हरेश येण्याआधीच देऊन टाकला होता.

आणि नेमका त्याच क्षणी हरेशला ग्लेन आठवला.

ग्लेन त्याचा कॉलेजचा मित्र आणि आता विमा एजंट. सातिवलीच्या एका कारखानदाराने हरेशला नव्या शेडचं काम देऊ केलं होतं, पण अट घातली होती की इंजिनिअरकडे व्यवसायाचा विमा हवा. तो ग्लेनने काढून दिला आणि वर एक धडा दिला. "हे बघ, उद्या तुझ्या कामात काय झालं आणि कोणी ओरडत आलं, तर चूक कबूल करायची नाय. कंपनीला न विचारता सॉरी बोललास की पॉलिसी गेली. चौकशी कर, पाणी पाज, पण सॉरी नाय."

हा धडा हरेशसारख्याला देणं म्हणजे जुलूम होता. कोणी त्याच्या पायावर पाय दिला तरी सॉरी हाच म्हणायचा. स्वतःच्या लग्नात भटजी उशिरा आले तेव्हा त्यांची माफी यानेच मागितली होती, असं त्याची बायको संपदा अजून सगळ्यांना सांगते.

पण सातिवलीची शेड डोळ्यांसमोर आली. हरेशने जिभेवरचे शब्द गिळले आणि म्हणाला, "ताई, असा प्रकार घडल्याची मी नोंद घेतली आहे."

ओल्या साड्या पिळणारे ताईच्या सासूबाईंचे, पुतळाबाईंचे, हात थांबले. "काय बोलला तो?" त्यांनी सुनेला विचारलं.

"नोंद घेतली म्हणतो," ताई म्हणाली. तिचा आवाज एकदम शांत झाला होता, आणि त्या आवाजाला हरेश लहानपणापासून घाबरत आला होता. "घे बाबा नोंद. हेमांगीला मांडवात कोणी आणायचं, ते आता मी बघते."

हे हरेशच्या वर्मी लागलं. हेमांगी त्याची एकुलती भाची. तिला खांद्यावर बसवून त्याने वसईच्या किल्ल्यात फिरवलं होतं, तिला सायकल शिकवताना तिच्यापेक्षा जास्त वेळा तो स्वतः पडला होता. नवरीला मांडवात मामा घेऊन येतो, हा त्याचा हक्क, आणि ती पाळण्यात होती तेव्हापासून तो त्या एका दिवसाची वाट बघत होता. फेट्याचा रंगसुद्धा त्याने ठरवून ठेवला होता.

घरी जाताच त्याने ग्लेनला फोन लावला. ग्लेन खूश झाला, म्हणाला, शाब्बास, आता घटना कंपनीला कळवून टाक, नाहीतर पुढे लफडं होतं. कंपनी तपासणीला सर्व्हेअर पाठवील. तोपर्यंत गच्चीवर पाऊल टाकायचं नाही, कशाला हात लावायचा नाही आणि पाणी ओतून बघायचं तर नावच काढायचं नाही. हरेशचे हात शिवशिवत होते. इंजिनिअर माणूस, एक बादली ओतली असती तर काय ते कळलं असतं. पण आता त्याच्या आणि त्या बादलीच्या मध्ये पॉलिसी उभी होती.

मग गोष्टी आपोआप बिघडत गेल्या. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हेमांगीने लिहिलं, 'मामा, प्लीज आईला एकदा सॉरी बोल ना.' हरेशने ग्लेनला विचारून उत्तर पाठवलं, 'तुझा संदेश मिळाला. योग्य माहिती हाती येताच कळवण्यात येईल.' त्यावर चिंचोटीच्या मावशीने हात जोडल्याचं चित्र टाकलं, आणि ते कौतुक होतं की श्रद्धांजली हे कोणालाच कळलं नाही.

नंतर कंपनीकडून ताईला फोन गेला, आपल्याला भावाविरुद्ध काही दावा करायचा आहे का, असं विचारायला. ताईने फोन आपटला. संध्याकाळपर्यंत गिरीजमध्ये बातमी झाली की जयवंतीने भावावर केस टाकली, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ती उलटीही झाली, की भावानेच बहिणीवर टाकली. हरेशच्या काकांचा मुलगा जितेश दोन्ही बातम्यांनी सारखाच सुखावला. मामाच्या जागी त्याचं नाव निघालं होतं आणि तो नवीन मोजडी घालून घरातल्या घरात चालायचा सराव करू लागला होता.

भावोजी, म्हणजे ताईचे यजमान सदानंद, लपतछपत हरेशच्या ऑफिसात आले. गरीब माणूस. खुर्चीच्या टोकाला बसून म्हणाले, "अरे, एकदा म्हणून टाक ना. मी लग्न झाल्यापासून म्हणतोय, मला काही झालं का?"

"भावोजी, तुमचा विमा नाहीये ना," हरेश म्हणाला.

भावोजींना ते पटलं असावं, कारण ते चहा न घेताच उठले. हरेशला मात्र त्या आठवड्यात जेवण गेलं नाही. माफी मागायची सवय झालेल्या माणसाला ती कोंडून ठेवायला लागली की पोटात कशी साचते, ते त्यालाच माहीत. संपदाने दूध नासल्याचं सांगितलं तरी तो ओशाळा होऊन बघायचा आणि काही न बोलता दुसऱ्या खोलीत जायचा.

सर्व्हेअर चुरी साहेब उगवले ते थेट हळदीच्या दिवशी. खाली मांडवात ढोल वाजत होता, गच्चीवर झेंडूच्या माळा लागल्या होत्या. चुरी साहेब इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन दारात उभे राहिले. पुतळाबाईंना वाटलं, नवऱ्या मुलाचे कोणीतरी काका पुढे आले. त्यांनी साहेबांना पाटावर बसवलं, सरबत दिलं, दोन्ही गालांना हळद फासली आणि म्हणाल्या, "जेवल्याबिगर जायचं नाय हां." आपण कोण आहोत हे सांगायला साहेबांना पंगतीपर्यंत वाव मिळाला नाही.

शेवटी जेवून आणि पिवळे होऊन ते गच्चीवर चढले. मागून ग्लेन, त्याच्या मागून आमंत्रण असूनही चोरासारखा आलेला हरेश, आणि त्याच्या मागून सगळं घर. ताई कठड्याजवळ हाताची घडी घालून उभी राहिली. भावाकडे तिने पाहिलं नाही.

साहेबांनी बादलीभर पाणी ओतलं. पाणी गच्चीवरून शहाण्यासारखं कोपऱ्यातल्या पाइपाकडे गेलं आणि तिथे थांबलं. दुसरी बादली ओतली, तीही तिकडेच गेली आणि साचलेलं पाणी मागे सरकत जिन्याच्या तोंडाशी आलं.

"उतार बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पाइप तुंबलाय."

त्यांनी पाइपाच्या तोंडावरची जाळी उचलली, मांडववाल्याकडून लोखंडी तार मागून घेतली आणि आत घालून ओढू लागले. आधी एक चिंधी दिसली, मग चिंधीचा हात झाला, मग गळा, आणि शेवटी पिवळ्या फुलांचा एक अख्खा गाऊन पाणी गाळत बाहेर आला. मागे अडलेलं पाणी गडगडत खाली वाडीत गेलं.

हरेशने तो गाऊन बघताक्षणी ओळखला. गेल्या दिवाळीत ताई तोच घालून चकल्या तळत होती. त्याने ताईकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला होता. पाइपातून उंदीर वर येतात आणि वाळवणात तोंड घालतात म्हणून तिनेच तो बोळा कोंबला होता, आणि लग्नाच्या गडबडीत तिच्या डोक्यातून तो साफ गेला होता.

नेमकी तेव्हाच उष्टी हळद घेऊन विहीणबाई जिना चढून वर आल्या. लोंबणारा गाऊन बघून त्या थबकल्या. पुतळाबाईंनी त्यांना लगेच सगळं सांगितलं. "या गाऊननंच तुमची साडी खराब केली, बघा. पानी असं आलं ना घरात. कुनी घातलं हे आत, तेवढं मला कळू दे."

खाली ढोलवाला बिडी ओढायला बसला होता. ताई सासूकडे बघेना, विहिणीकडे बघेना. तिने हळूच भावाकडे पाहिलं, आणि आठवडाभरात पहिल्यांदाच पाहिलं. हरेश सुटला होता. उतार बरोबर होता, नाव स्वच्छ होतं, सातिवलीची शेड शाबूत होती. त्याला फक्त गप्प बसायचं होतं, आणि तेवढं तर तो आठवडाभर शिकलाच होता.

"मी घातला," हरेश म्हणाला. "चुकलं माझं."

ग्लेनने कपाळाला हात लावला. पण बांध फुटला होता. ताईची, पुतळाबाईंची, विहीणबाईंची, हेमांगीची, भिजल्याबद्दल त्या मोतिया साडीचीसुद्धा हरेशने एका दमात माफी मागितली. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले आणि आठवड्यात प्रथमच त्याला कडकडून भूक लागली.

चुरी साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या गाऊनकडे. "हा तुमचा?"

"माझाच," हरेश म्हणाला.

संपदाने तोंडावर पदर घेतला. सगळ्यात आधी विहीणबाई हसल्या, मग गच्ची हसली, आणि साडीचा विषय त्या हसण्यात कुठल्या कुठे गेला.

"साहेब, कबुली दिली ना त्याने. पॉलिसीचं आता काय?" ग्लेनने रडवेल्या सुरात विचारलं. साहेबांनी ताईला विचारलं, तुमचा काही दावा आहे का. ताईने नाही म्हणून जोरजोरात मान हलवली. "मग मी लिहू काय? उतार बरोबर, पाइपात कपडा, दावा नाही," साहेब म्हणाले आणि गालावरची हळद पुसत बॅग बंद केली. "गाऊनबद्दल पॉलिसीत कलम नाही."

ढोल पुन्हा सुरू झाला. हेमांगीला हळद लागली, मग जो सापडेल त्याला लागली. ताई वाटी घेऊन भावापाशी आली. तिने त्याच्या दोन्ही गालांना इतकी हळद चोळली की त्याचं डोकं हललं. तिचे डोळे ओले होते. माफी मागायची तिला सवय नव्हती, आणि त्या वयात ती लागण्यासारखीही नव्हती.

"उद्या सकाळी लवकर ये," ती म्हणाली. "फेटा बांधणारा येणारय."

"आणि जितेश? त्याने मोजड्या घेतल्यात."

"त्याला सांगते मी, फेटा त्याच्या डोक्याच्या मापाचा निघाला नाही म्हणून."

"फेट्याला माप नसतं, ताई. तो डोक्यावरच बांधतात."

ताईने क्षणभर विचार केला.

"मग बांधणाऱ्याचं चुकलं असेल," ती म्हणाली. "तू लवकर ये."