नळ सुटला आणि रविवार सापडला

चर्चमधली उपासना आटोपून, दारात उभं राहून मंडळीतल्या शेवटच्या माणसाची सुखदुःखं ऐकून पाळकसाहेब उशिरा घरी आले. हात धुवायला स्वयंपाकघरात गेले, तर नळाची चावी सुटून हातातच आली आणि पाणी थेट छताकडे उडालं.

"प्लंबरला फोन लावा," कढईवर घाईनं झाकण ठेवत पाळकबाई म्हणाल्या. चर्चच्या कमिटीची माणसं जेवायला यायची होती. दर रविवारी कोणी ना कोणी असायचंच.

"त्याला कुठल्या तोंडानं लावू? आत्ताच भर उपासनेत सांगून आलो, देवानं एक दिवस विसाव्यासाठी दिलाय, तो कामाच्या घशात घालू नका. निघताना या प्लंबरनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाला, आजपासून रविवारी पान्याला हात लावणार नाही."

"मग तुम्ही लावा."

पाळकसाहेबांनी पक्कड घेतली आणि सिंकखालचा, पाणी बंद करायचा कॉक पिळला. कित्येक वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. तो फिरला नाही, तुटला. आता पाणी वरूनही येऊ लागलं आणि खालूनही. पाळकबाईंनी कढई उचलून लांब ठेवली. आता प्लंबरशिवाय गत्यंतर नाही, असं म्हणत पाळकसाहेब तडक घराबाहेर पडले.

प्लंबर मागच्याच गल्लीत राहायचा. बुटांतून पचक पचक आवाज करत पाळकसाहेब त्याच्या दारात पोचले, तर त्याची बायको ओठांवर बोट ठेवून उभी.

"हळू बोला हं. हे झोपलेत. तुमचे उपकार कसे फेडू, पाळकसाहेब? परवा स्कूटर चालवताना डोळा लागला होता यांचा. थोडक्यात निभावलं. पण ऐकतील कोणाचं? आज जेवले आणि लेकीला गोष्ट सांगता सांगता तिच्याआधी स्वतःच झोपले."

पाळकसाहेबांनी आत डोकावलं. प्लंबर जमिनीवर अस्ताव्यस्त पसरला होता. त्याच्या पोटावर डोकं टेकून लेक झोपली होती आणि त्याच्या श्वासाबरोबर तिचं डोकं वरखाली होत होतं. ओठांवर आलेली हाक पाळकसाहेबांनी गिळली. घरात तळं साचलं तरी चालेल, पण हा माणूस आज उठता कामा नये, असं त्यांना मनापासून वाटलं.

"काही काम होतं का?"

"छे, सहज आलो होतो. उपदेश पोचला की नाही ते बघायला."

"पोचला ना. घोरताहेत बघा." मग तिचं लक्ष खाली गेलं. "पँट कशानं भिजली हो?"

"आज आमच्याकडे पाणी जरा जास्त आहे," म्हणत पाळकसाहेबांनी काढता पाय घेतला.

घरी आले तर सगळं शांत. गच्चीवर जाऊन पाळकबाईंनी टाकीचा व्हॉल्व्हच बंद केला होता. गॅसही बंद होता. त्या बाहेरच्या खोलीत, एका खुर्चीवर बसून दुसरीवर पाय ठेवून निवांत होत्या.

"अगं, कमिटी?"

"कळवलं त्यांना. घरात पाणी नाही, आपापल्या घरी जेवा."

"आणि आपण?"

"ब्रेड आहे, केळी आहेत."

"भांडी?"

"पाणी नाही."

"कपडे भिजवलेले..."

"पाणी नाही म्हटलं ना." त्यांच्या आवाजात दुःखाचा लवलेश नव्हता. "आजचा उपदेश छान होता. पण मला नेहमी अर्धाच मिळतो, कुकर लावायला यावं लागतं. पुढे काय सांगितलंत? बसा, सांगा."

पाळकसाहेब बसले. विसाव्याचा दिवस घरातल्या प्रत्येकासाठी असतो, इथपर्यंत आले आणि अडखळले. ते उठले आणि स्वयंपाकघरातली फरशी पुसू लागले. दुपारभर पुसत होते. पाळकबाई खुर्चीतच झोपून गेल्या.

सोमवारी सकाळी पाळकसाहेब आजाऱ्यांना भेटायला गेले असताना प्लंबर आला. चेहरा टवटवीत, तोंडात शीळ. बघता बघता त्यानं कॉक बदलला आणि पिशवीतून नवा नळ काढला.

"असा पक्का बसवतो बाई, दहा वर्षं बघायला नको."

पाळकबाईंनी दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"इतका पक्का नको. शनिवार रात्रीपर्यंत टिकला तरी पुष्कळ."