उभ्या उभ्या बैठक

बैठकांमध्ये फार वेळ जातो, हे सांगायला साहेबांनी दुपार कलल्यावर बैठक बोलावली आणि नकाशेबुवांनी घड्याळाकडे पाहिलं. ऑफिसातले नकाशे तेच काढत, म्हणून हे नाव.

त्यांची एकुलती एक लेक त्या संध्याकाळच्या बसनं नोकरीसाठी दूर चालली होती. तिचं शाळेतलं बक्षीस, कॉलेजातलं नाटक, सगळं त्यांनी कुठल्या ना कुठल्या बैठकीपायी चुकवलं होतं. सकाळी ती एवढंच म्हणाली, "बाबा, जमलं तर या." ते 'जमलं तर' त्यांच्या काळजाला लागलं होतं.

साहेबांनी मात्र सुरुवातीलाच दिलासा दिला. "आजपासून बैठक उभ्या उभ्या. बसला की माणूस पसरतो. खुर्च्या बाहेर काढा!"

नकाशेबुवांना हायसं वाटलं. घात केला तो त्यांच्याच जिभेनं. आनंदाच्या भरात ते शेजारच्या टायपिस्टबाईंच्या कानात पुटपुटले, "उभ्यानं झाली तर ती बैठक कशी म्हणायची?"

साहेबांचे कान तिखट. "मुद्द्याचं बोललात! नाव चोखच हवं. सुचवा बरं."

"उभक," हेडक्लार्क म्हणाले.

"त्यानं उबग आल्यासारखं वाटतं हो," भांडारातले काका कुरकुरले. "उभी सभा म्हणा."

"मग आडवी कुठली?" हेडक्लार्कांनी टोला हाणला.

"ताटकळ म्हणू या," टायपिस्टबाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या.

"वा! अस्सल शब्द," साहेब खूश झाले. "उद्या सकाळी ताटकळ आहे, सगळ्यांनी हजर राहायचं!"

हेडक्लार्क उभक सोडायला तयार होईनात. तेवढ्यात काकांचे गुडघे बोलू लागले, म्हणून त्यांच्यापुरती खुर्ची आणली. एक जण बसला तर ही बैठक की ताटकळ, असा नवा वाद निघाला, आणि तो निवांत बसूनच मिटवावा असं ठरून सगळ्या खुर्च्या आत आल्या.

नकाशेबुवा बसले नाहीत. "साहेब, माझी मुलगी गाव सोडून चाललीये. मला जाऊ द्या."

"अहो, मग इथं काय करताय? पळा!" साहेब ओरडले.

हे इतकं सोपं होतं, आणि आपण इतकी वर्षं विचारलंच नाही, या विचारानं त्यांना रस्ताभर भरून येत राहिलं.

बसची वेळ केव्हाच टळली होती. तरी ते धापा टाकत स्थानकात शिरले, तर खिडकीतून हाक आली, "बाबा!" बस जागच्या जागी होती. ड्रायव्हर-कंडक्टरचा पत्ता नव्हता.

"त्यांच्या साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलंय," लेक म्हणाली. "गाड्या वेळेवर सुटत नाहीत म्हणून."

ते तिच्या शेजारी टेकले. बोलायचं खूप होतं, पण तोंडातून निघालं ते, "पाणी घेतलंस ना?" तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

तेवढ्यात समोरच्या खोलीचं दार उघडलं. "चला, आटपलं," आतून आवाज आला. "कुणाला काही विचारायचंय?"

"आलोच हं," म्हणत नकाशेबुवा खाली उतरले, तरातरा त्या दाराशी गेले आणि त्यांनी हात वर केला. "साहेब, 'वेळेवर' म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवायला नको का?"

आत खुर्च्या पुन्हा सरकल्याचे आवाज आले, तोवर ते लेकीकडे परत निघाले होते.