बिनप्लास्टिकची सहल

"तो ओमवीर तळं बुजवून प्लॉट पाडणार म्हणतोय," चहाला तोंड लावण्याआधीच हेरंब आपट्यांनी जाहीर केलं.

"कुठलं तळं?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"सारसांचं गं!"

नोएडाच्या पार पलीकडे, मोबाइलचा नकाशाही जिथे चाचरतो, तिथे ओमवीर नावाच्या शेतकऱ्याच्या रानात हे तळं होतं. निवृत्त झाल्यापासून हेरंबराव दर रविवारी दुर्बीण घेऊन तिथे जाऊन बसत. माणसाएवढ्या उंचीचे, लाल मानेचे दोन सारस पक्षी तिथे राहत आणि सध्या घरट्यासाठी गवत गोळा करत. उभ्या आयुष्यात दिल्लीकडे हेरंबरावांना मनापासून आवडलेलं हे एकच जोडपं.

"मग लोक न्या ना तिथे," सुनीतीबाई म्हणाल्या. "चार पैसे सुटले तर कशाला बुजवेल तो? इको-टूरिझम म्हणतात त्याला. मंडळाची सहल यंदा तिकडेच नेऊ. दरवर्षी काला अंबच्या युद्धस्मारकाला जायचं आणि पानिपत हरून यायचं, कंटाळा आला हो!"

सुनीतीबाई महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरी होत्या आणि शिवाय त्यांचं म्हणणं बरोबर होतं. हेरंबरावांनी तीन अटी घातल्या: भडक कपडे नकोत, आवाज नको, प्लास्टिक नको. तिसरी अट सगळ्यांना फार आवडली. ती पाळताना गप्प बसावं लागत नव्हतं.

रविवारी मंडळी निघाली. बस सांगितली होती. पण बस आहेच, तर आपण निवांत गाडीनं जाऊ, असा विचार पुष्कळांनी केला. ओमवीरनं शेताचा एक तुकडा पार्किंगला मोकळा केला, त्याच्या बायकोनं कणसं भाजायला घेतली. तळ्याकाठी सगळे कुजबुजत होते. मोठा आवाज फक्त "हळू बोला" सांगणाऱ्यांचाच येत होता.

मग सारस दिसले आणि तो आवाजही थांबला. नरानं चोचीतलं गवत मादीपुढे ठेवलं. मंडळाचे अध्यक्ष नीरज कर्वे, जे मौनाच्या दोन मिनिटांतही भाषण करत, ते डोळे पुसत होते. "यार आपटे, हे आम्हाला आधी का नाही दाखवलं?" आपण माणसांना उगीच नावं ठेवत आलो, असं हेरंबरावांना वाटलं.

तेवढ्यात जेवणाची वेळ झाली. कागदी प्लेटांनाही आतून प्लास्टिकचा थर असतो म्हणून सुनीतीबाईंनी मंडळाची गणपतीतली स्टीलची ताटं, वाट्या, चमचे, सगळं पोत्यात भरून बसच्या टपावर चढवलं होतं. गहिवरलेल्या अध्यक्षांनी उत्साहानं स्वतःच पोतं ओढलं. ते तळाशी उसवलं.

मराठ्यांचा इतका आवाज उत्तरेत पुष्कळ दिवसांनी झाला.

सारस उडाले. "उडताना काय सुंदर दिसतात हो!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी फोटो काढले.

ते फोटो पाहून आणखी लोक आले. ओमवीरनं तळं बुजवलं नाही. उलट 'सारस व्ह्यू पॉइंट' अशी पाटी लावली, झोपाळा टांगला. कणसांच्या कमाईवर मुलगी कॉलेजात गेली. हेरंबरावांना त्याचा खरोखर आनंद झाला.

"और सारस?" त्यांनी विचारलं.

"लोग पूछते हैं, बाबूजी. मैं कह देता हूँ, अभी-अभी उठ के गए हैं."

हेरंबराव रविवारमागून रविवार पुढची गावं धुंडाळत राहिले. दसऱ्यानंतर एका डबक्यात त्यांना ते जोडपं सापडलं. मधोमध एक तपकिरी पिल्लू होतं, स्वतःच्याच पायांत अडखळणारं.

"क्या देख रहे हो बाबूजी?" मागून डबक्याचा मालक आला. "जमीन लेनी है? भरवा के दूँगा."

हेरंबरावांनी दुर्बीण खाली घेतली. खरं सांगावं तर बस येणार. न सांगावं तर बुलडोझर.

"अभी मत बेचिए," ते शेवटी म्हणाले. "सर्दियों भर रुक जाइए. फिर मैं खुद बस भर के लोग लाऊँगा. ये पक्षी देखने."

मालकाला हिशोब पटला. पण एक शंका उरली. "इतने लोग देख के ये तो उड़ जाएँगे?"

"हाँ," हेरंबराव पिल्लाकडे बघत म्हणाले. "तब तक इसको भी उड़ना आ जाएगा."