बेहाला ते बालीगंज, फक्त रुळांवरून

"शकुन, बुलेट ट्रेन दारातून जात नाहीये," श्यामराव म्हणाले.

"तिरकी करा," बायको आतून म्हणाली.

तिरकी केल्यावर गेली. श्यामरावांची नोकरी सरकारी कंपनीतली, तीस वर्षांत नऊ बदल्या. त्यामुळे त्यांच्या घरात खोकी कधी टाकत नाहीत, पुढच्या बदलीला लागतात. त्याच खोक्यांच्या पुठ्ठ्याची त्यांनी ही पाच फुटी गाडी केली होती. वरून पांढरा रंग दिला, तरी एका बाजूला 'लोणच्याच्या बरण्या, सांभाळून' हे शकुनचं अक्षर अजून दिसत होतं.

आज मराठी मंडळाची वादविवाद स्पर्धा होती. विषय, 'सरकारने अतिवेगवान रेल्वेवर पैसा घालावा का?' श्यामराव ही गाडी दाखवून बाजूने बोलणार, आणि त्यांच्याच इमारतीतले मधुकरराव विरोधात. मधुकररावांकडून ते लागोपाठ तीन वर्षं हरले होते. यंदा त्यांना हरवायचंच, दुसरं काही डोक्यात नव्हतं. त्याच भरात त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं होतं, 'मी बेहालाहून बालीगंजला फक्त रुळांवरून येईन. पेट्रोलचा थेंबही जाळणार नाही.' मधुकररावांनी लगेच उत्तर दिलं, 'मी गाडीने येतो. बघू कोण आधी पोचतं.' खाली सचिव लीनाताईंनी नियमाची आठवण करून दिली. पाचच्या घंटेला जो हॉलमध्ये नसेल तो बाद.

आता चारचौघांत असं लिहून बसल्यावर माणूस मागे कसा फिरणार?

मेट्रो स्टेशनवर शिपायाने दोघांना अडवलं. "ये क्या है?"

"बुलेट ट्रेन."

"मेट्रो में ट्रेन नहीं जाएगी, दादा. बहुत लंबा है."

श्यामरावांनी त्याला पर्यावरणाचे दोन मुद्दे हिंदीतून सांगून पाहिले. शिपाई ढिम्म हलला नाही. शेवटी श्यामरावांनी डोळे मिटले आणि तीन महिन्यांची मेहनत गुडघ्यावर घेऊन मोडली. दोन डबे त्यांनी काखोटीला मारले, गाडीचं नाक शकुनच्या हातात दिलं.

या सगळ्यात एक मेट्रो गेली. त्यामुळे माजेरहाटला उतरले तेव्हा बालीगंजची लोकल त्यांच्या डोळ्यांदेखत सुटली. पुढची पंचवीस मिनिटांनी होती.

"अहो, टॅक्सी करू या."

"नाही."

"इथे कोण बघतंय आपल्याला?"

"मी बघतोय ना."

शकुनने कपाळाला हात लावला आणि नाक मांडीवर घेऊन बाकावर बसली.

बालीगंजला पोचेपर्यंत पाचला दहा कमी झाले. तिथून दोघं धावतच सुटले. हॉलमध्ये शिरले तेव्हा पाचला दोन मिनिटं होती. श्यामरावांना धाप लागली होती, गाडीच्या नाकाला पोचा आला होता आणि मधुकररावांचा पत्ता नव्हता. घंटा झाली.

"श्यामराव बिनविरोध विजयी," लीनाताई म्हणाल्या. "चला, वडे गरम आहेत."

"आणि माझं भाषण? बारा मुद्दे आहेत माझे."

"समोर कुणी नाही, मग वाद कुणाशी घालणार?"

लोक वड्यांकडे निघालेसुद्धा. श्यामरावांचा चेहरा रडवेला झाला. असं जिंकण्यात काय राम? त्यांनी हातापाया पडून लीनाताईंकडून अर्धा तास मागून घेतला आणि मधुकररावांना फोन लावला.

"लेक गार्डन्स स्टेशनपाशी अडकलोय," मधुकरराव वैतागले होते. "पाऊण तास झाला. पुढे बस, मागे लॉरी."

"गाडी ड्रायव्हरवर सोडा आणि लोकल पकडा. एकच स्टेशन आहे."

"अहो, पण मी बाद झालो ना? तुम्ही जिंकलात."

"मला तुम्हाला हरवायचंय. त्यासाठी तुम्ही इथे लागता."

वीस मिनिटांत मधुकरराव हजर झाले. श्यामराव त्वेषाने बोलले. रूळ पिढ्यान्‌पिढ्या पुरतात, पण घातलेला पैसा वसूल व्हायला वर्षं लागतात, आणि इतकी वाट बघण्याची तयारी सरकारच्याच पैशात असते. गाडी वेगाने धावली की लोक विमान सोडतात, आणि तेवढा धूर हवेत जात नाही. सातव्या मुद्द्याला वेळ संपल्याची घंटा झाली.

मग मधुकरराव उठले. "मी पाऊण तास मोटारीत धूर सोडत बसलो होतो," ते म्हणाले. "साध्या लोकलने मला पाच-सात मिनिटांत इथे आणलं. साधी गाडी जर हवाही राखते आणि माणसालाही पोचवते, तर पैसा तिच्यावर घाला. अतिवेग हवाय कशाला? मला हे आज पटलं, आणि पटवलं कुणी, तर खुद्द श्यामरावांनी."

हॉल टाळ्यांनी दणाणला. श्यामराव चौथ्यांदा हरले, तेही जिंकून झाल्यावर.

ड्रायव्हर गाडी घेऊन परत गेला होता, म्हणून परतीच्या लोकलमध्ये मधुकररावही त्यांच्यासोबत होते. हातात ढाल, चेहऱ्यावर हसू. श्यामराव त्यांच्या शेजारी अगदी खेटून बसले आणि त्यांनी खिशातून कागद काढला.

"मुद्दा आठवा," ते म्हणाले.

"स्पर्धा संपली, श्यामराव."

"माझे पाच मुद्दे राहिलेत. माजेरहाटपर्यंत होतील."

गाडी लेक गार्डन्सला थांबली. मग टॉलीगंजच्या अलीकडे सिग्नलला थांबली, आणि थांबूनच राहिली. दहावा मुद्दा चांगला लांबलचक होता, त्यात पोटमुद्दे होते. शकुन नाकावर डोकं टेकून झोपली. मधुकररावांनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं आणि शेवटी त्यांचा धीर सुटला.

"काय हो, ही गाडी जरा वेगाने नाही का जात?"

श्यामराव थांबले. त्यांनी कागद उलटा केला, पेनाचं टोपण काढलं आणि कागद-पेन मधुकररावांपुढे धरलं.

"एवढं वाक्य सहीनिशी लिहून द्या," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी लागेल."