गुरुदत्तांच्या हयातीचा दाखला

कपाटाचा खण ओढताना मुठीत अडकून मालनताईंचं मंगळसूत्र तुटलं. काळे मणी टपटपत फरशीवर उडाले. काही दिवाणाखाली गेले, काही थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचले. दोन वाट्या तेवढ्या पदरात राहिल्या.

"तुटलं," मालनताई म्हणाल्या.

"वाढवलं म्हण," आतून सासूबाईंचा आवाज आला. आवडाबाई ब्याऐंशी वर्षांच्या, मूळच्या खडवलीच्या. त्यांना कमी ऐकू येई, पण जे ऐकू येऊ नये ते नेमकं येई. "मंगळसूत्र तुटलं असं सवाष्णीनं बोलू नये. ते कधी बोलतात, तुला ठाऊक आहे."

मालनताई मुकाट्याने "वाढवलं" म्हणाल्या, एक हळकुंड दोऱ्यात बांधून गळ्यात घातलं आणि मणी वेचायला बसल्या. सगळे वेचले, तरी नऊ मणी सापडले नाहीत.

खरी टोचणी निराळीच होती. डोंबिवलीत त्यांच्या आळीतल्या निम्म्या दारांवर मालनताईंनी ओवलेली मण्यांची तोरणं होती. कुणाच्याही लग्नाच्या रुखवतात मण्यांचा कलश आणि मण्यांचा पोपट असायचा तो त्यांच्याच हातचा. अशा बाईच्या स्वतःच्या गळ्यातला दोरा झिजला आणि तिला कळलंही नाही. मंगळसूत्र बाहेर ओवायला द्यायचं नाही, आपणच ओवायचं, पण या खेपेला दोरा असा घ्यायचा की जन्मात वाढवावं लागणार नाही, असं त्यांनी ठरवलं. असा दोरा कोणता, हे विचारायला त्यांच्याकडे हक्काच्या दोनशे मैत्रिणी होत्या.

या मैत्रिणींचं सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी, म्हणजे सत्त्याण्णव साली, त्यांची मुलगी सुमेधा लग्न होऊन बंगलोरला गेली. जाताना तिने आपला कॉम्प्युटर मागे ठेवला आणि आईला पत्र पाठवायला शिकवलं. त्या कॉम्प्युटरवर मालनताईंना मण्यांचं काम करणाऱ्या बायकांचं एक मंडळ सापडलं. एकीने पत्र लिहायचं आणि ते एकाच वेळी दोनशेजणींच्या घरी जाऊन पडायचं, उत्तर दिलं की तेही तसंच सगळीकडे जायचं, अशी त्या मंडळाची रीत होती. बायका कुठकुठल्या, ब्राझीलच्या, जपानच्या, अमेरिकेच्या. डिक्शनरी मांडीवर घेऊन मालनताई इंग्रजीत लिहीत. मागच्या वर्षी डोळ्यांत मोतीबिंदू सुरू झाला तेव्हा त्यांनी मण्यांचं काम सोडायचं ठरवलं होतं. ब्राझीलच्या एका म्हातारीने त्यांना पंधरा पत्रं लिहून नुसत्या बोटांनी मणी ओळखायला शिकवलं. मुलगी गेल्यावर मुक्या झालेल्या घरात त्या पुन्हा गुणगुणू लागल्या, त्या तेव्हापासून.

त्यांचे यजमान गुरुदत्त यांना हे प्रकरण फारसं पसंत नव्हतं. "कोण कुठल्या बायका," ते म्हणत, "आणि त्यांच्यापायी आपला फोन तासन्‌तास एंगेज." रात्री आठचा ठोका पडला की जेवणाच्या टेबलावरचे मण्यांचे डबे उचलून ते खिडकीत ठेवत. गुरुदत्त ठाण्याला एका सरकारी कचेरीत पेन्शनच्या टेबलावर होते. दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळींकडून ते हयातीचे दाखले घेत. माणूस समोर काठी टेकून उभा असला तरी दाखल्याशिवाय तो जिवंत आहे हे मान्य करायचं नाही, असा त्यांचा सव्वीस वर्षांचा शिरस्ता.

त्या संध्याकाळी मालनताईंनी मंडळाला पत्र लिहिलं. 'वाढवलं' याला डिक्शनरीत काही मिळेना, म्हणून सरळ लिहिलं, 'आज माझं मंगळसूत्र तुटलं. काळे मणी समोर घेऊन बसले आहे. काय करावं सुचत नाही. कोणता दोरा टिकेल?' मंगळसूत्र म्हणजे काय, हेही एका ओळीत सांगितलं. पत्र गेलं.

दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या खोदकामात कुदळ केबलवर बसली आणि अख्ख्या आळीचे फोन मेले. फोन नाही म्हणजे कॉम्प्युटरवर पत्र नाही. चार दिवसांत होईल म्हणता म्हणता तीन आठवडे गेले.

पंधराव्या दिवशी पोस्टमनने पहिलं पाकीट आणून दिलं. अमेरिकेचं. आत पांढऱ्या लिलीच्या फुलांचं एक कार्ड आणि कागदात गुंडाळलेला एकच काळा मणी. दुसऱ्या दिवशी चार पाकिटं आली, नंतर सात. प्रत्येकात एक कार्ड, एक काळा मणी. मालनताईंनी डिक्शनरी काढली. कार्डावर लिहिलं होतं, तुमच्या हानीबद्दल मनापासून सहानुभूती. नऊ मणी हरवले, ती हानी. बरोबरच होतं.

"बघ," आवडाबाई सुनेला म्हणाल्या, "सातासमुद्रापारच्या, पण वळण आहे हो बायकांना. सवाष्णीचं मंगळसूत्र वाढवलं, तर काळे मणी धाडले. आपल्या खालच्या मजल्यावरची साधं विचारायला आली का?"

त्यांनी ते मणी हळदकुंकू वाहून देवासमोर चांदीच्या वाटीत ठेवले. बघता बघता वाटी भरत आली. गुरुदत्तांनाही मनातून थोडं ओशाळल्यासारखं झालं. एवढ्या बायका एकेक मणी पाकिटात घालून पाठवतात, म्हणजे त्या अगदीच कोण कुठल्या नव्हत्या.

मग तो रविवार आला. मालनताई भाजीला गेल्या होत्या. बेल वाजली. गुरुदत्तांनी दार उघडलं, तर पांढरी साडी नेसलेल्या एक अनोळखी बाई खाली मान घालून उभ्या.

"मी सगुणा. ठाण्याहून आले," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "माझी बहीण न्यू जर्सीला असते, मालनताईंच्या मण्यांच्या मंडळात आहे. तिचा फोन आलेला. म्हणाली, त्यांचा फोन लागत नाही, तू जाऊन भेटून तरी ये."

गुरुदत्तांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. बाई डोळे टिपू लागल्या. एका मंगळसूत्रासाठी ठाण्याहून माणूस येतं आणि डोळे टिपतं, हे पाहून गुरुदत्त गहिवरले.

"कसं झालं हो एकाएकी?"

"कपाटाची मूठ," गुरुदत्त म्हणाले. "एक हिसका बसला, संपलं."

सगुणाबाईंनी तोंडावर पदर धरला. "म्हणजे दवाखान्यात न्यायलाही वेळ..."

गुरुदत्तांना या प्रश्नाचा अर्थ लागेना. मंगळसूत्र दवाखान्यात कशाला न्यायचं, हे ते विचारणार, तोच आवडाबाई काठी टेकत बाहेर आल्या आणि हसतमुखाने म्हणाल्या, "चहा टाकू का ग बाई? बस निवांत. सून येईलच, कोथिंबीर आणायला गेलीय."

मुलगा जाऊन तीन आठवडे झालेत आणि आई हसते आहे, सून कोथिंबीर आणायला गेली आहे. सगुणाबाईंचा चेहरा साडीइतका पांढरा झाला. इतक्यात दारात मालनताई उभ्या राहिल्या. हातात भाजीची पिशवी, मनगटात हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

"मालनताई?" सगुणाबाई कशाबशा म्हणाल्या. "आणि हे कोण?"

"हे? आमचे मिस्टर."

सगुणाबाई उठल्या होत्या त्या परत बसल्या, पण खुर्चीवर न बसता चपलांच्या स्टँडवर बसल्या. गुरुदत्तांकडे बोट करून त्या एवढंच म्हणाल्या, "हे तर गेलेत."

नंतर सगळं हळूहळू बाहेर आलं. मालनताईंचं पत्र मंडळातल्या परदेशी बायकांनी वाचलं असतं तर त्यांनी दोऱ्यांची नावं कळवली असती आणि विषय मिटला असता. पण सगळ्यांत आधी ते वाचलं न्यू जर्सीच्या मनुताईंनी, म्हणजे सगुणाबाईंच्या थोरल्या बहिणीने. बाई तीस वर्षं अमेरिकेत, पण बाळकडू इकडचं. सवाष्ण बाई मंगळसूत्र तुटलं असं कधी म्हणणार नाही, जिचा नवरा जातो तीच म्हणते, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी रडत रडत दोनशेजणींना कळवलं की मालनवर आभाळ कोसळलं आहे. पुढे मंडळाने ठरवलं की प्रत्येकीने मंडळाच्या यादीतल्या पत्त्यावर एक मणी पाठवायचा, तिकडे दुखवट्याचा रंग काळा म्हणून काळाच, आणि मालनने त्याची नवऱ्याच्या आठवणीची माळ करायची.

आवडाबाईंना यातलं काही ऐकू गेलं नाही. त्या चहा टाकायला आत गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी फोन जिवंत झाला. मालनताईंचा धीर होईना, म्हणून कॉम्प्युटरवरची पत्रपेटी गुरुदत्तांनी उघडली. एकशे त्रेचाळीस पत्रं होती, बहुतेक सगळी त्यांच्या मरणाची. आपल्या माघारी लोक काय बोलतील याची उत्सुकता कोणाला नसते? ते खुर्ची ओढून वाचायला बसले.

पहिल्याच पत्राने त्यांचा घाम काढला. कॅनडाची एक बाई लिहीत होती की दुःख मोठं आहे, पण निदान आता आठ वाजता टेबलावरून तुझे डबे कोणी उचलणार नाही. खाली आणखी अकराजणींनी याला दुजोरा दिला होता. एकीने लिहिलं होतं, आता खुशाल टेबलावरच झोप.

"तू यांना टेबलाचं सांगितलंस?" गुरुदत्तांनी विचारलं.

"दीड वर्षात काहीतरी बोलणारच ना हो," मालनताई म्हणाल्या.

गुरुदत्त पुढे वाचू लागले. मग हळूहळू ते वाचेनासे झाले, नुसते पडद्याकडे बघत राहिले. ब्राझीलच्या म्हातारीचं पत्र होतं. तिने लिहिलं होतं, 'तुझ्या सुयांचं आता काय? रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी बारा सुया दोरा ओवून टाचण्यांच्या उशीत टोचून ठेवणारा माणूस मी माझ्या जन्मात पाहिला नाही. तू सांगितलंस तेव्हा मी ते माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं होतं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.' सुयांबद्दल विचारणारी एकूण चाळीस पत्रं होती.

मालनताईंचे डोळे अधू झाल्यापासून गुरुदत्त सुया ओवून ठेवत हे खरं होतं. पण त्याबद्दल या घरात आजवर कोणी एक शब्द काढला नव्हता. त्यांना वाटे, बायकोच्या ते लक्षातही आलं नसेल. आणि इकडे त्यांच्या सुया ब्राझीलपर्यंत पोचल्या होत्या.

"आता त्यांना खरं कसं सांगू?" मालनताई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "त्यांना वाटेल, हिने मणी उकळायला जिवंत नवऱ्याला मारलं. मला काढून टाकतील हो. माझ्याशी बोलणाऱ्या तेवढ्याच आहेत."

एरवी गुरुदत्त म्हणाले असते, कोण कुठल्या बायका. त्या दिवशी शर्ट घालून, चष्मा पुसून ते कॉम्प्युटरसमोर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मंडळाला पत्र लिहिलं. कचेरीतल्या इंग्रजीत त्यांनी दाखला दिला की, खाली सही करणारा इसम आज रोजी हयात आहे, त्याच्या पत्नीने कोणतीही खोटी माहिती दिलेली नाही, मंगळसूत्र कपाटाच्या मुठीत अडकलं होतं. दाखल्याला दोन साक्षीदार लागतात. एक सगुणाबाई झाल्या, फोनवरून. दुसऱ्या साक्षीसाठी ते आईकडे गेले आणि कचेरीचं काम आहे म्हणाले.

"तुला जन्म मी दिला," आवडाबाई म्हणाल्या, "आणि तू जिवंत आहेस हे आता मी कचेरीला सांगू? घाल माझं नाव. नोकरी आहे की थट्टा."

दाखल्यात शेवटी त्यांनी एक कलम जोडलं होतं. यापुढे टेबल रात्री दहापर्यंत मोकळं राहील.

पत्र गेलं. दुसऱ्या दिवशी उत्तर नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मालनताईंनी जेवण टाकलं. गुरुदत्त कचेरीतून आल्यावर तासातासाने पेटी उघडून बघत होते, फोन एंगेज राहिला तरी. चौथ्या दिवशी सकाळी एकदम शहाण्णव पत्रं येऊन पडली. बायका आधी हादरल्या होत्या, मग हसल्या होत्या, काही रडल्याही होत्या. मनुताईंनी सात वेळा माफी मागितली होती. काढून टाकण्याची गोष्ट कोणीच काढली नाही. मणी परत करू का, असं मालनताईंनी पत्राखाली विचारलं होतं, त्याला सगळ्यांनी एकमताने 'नको' म्हटलं होतं. मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र त्या सगळ्या गदारोळात एकटीनेच दिलं होतं. फिनलंडची हेल्मी नावाची बाई दुखवट्याच्या एकशे त्रेचाळीस पत्रांत पहिल्याच दिवशी एका ओळीत लिहून गेली होती की मासे धरायच्या गळाचा दोरा वापर, तुटत नाही.

तसला दोरा कल्याणच्या बाजारात मिळाला. शुक्रवारी संध्याकाळी टेबलावर मंगळसूत्र ओवायला घेतलं. मालनताई हरवलेल्या नवांच्या जागी नऊच मणी घेणार होत्या. आवडाबाईंनी देवासमोरची वाटी पुढे सरकवली. "नऊच कशाला? सौभाग्यासाठी आलेले आहेत, सगळे ओव."

गुरुदत्त बायकोकडे बघत होते. जगभरच्या बायकांनी त्यांच्या दुखवट्याचे म्हणून पाठवलेले एकसष्ट मणी त्यांच्या डोळ्यांदेखत एकेक करून सौभाग्याचे झाले. मंगळसूत्र पोटापर्यंत आलं. आठचा ठोका पडला. कोणी डबे उचलले नाहीत.

नोव्हेंबर आला. कचेरीत पेन्शनरांची रांग लागली, गुरुदत्तांना मान वर करायला फुरसत नव्हती. पाच तारखेला घरी कॉम्प्युटरवर त्यांच्या नावाने पत्र आलं. हेल्मीचं होतं. ही बाई दोऱ्यापलीकडे कधी अवाक्षर लिहीत नसे. तिने लिहिलं होतं की दाखला दर नोव्हेंबरात द्यावा लागतो असं मालनने सांगितलं, यंदाचा अजून मिळालेला नाही, मंडळ वाट पाहत आहे.

गुरुदत्तांनी घरी आणलेल्या पेन्शनरांच्या फाइली बाजूला सारल्या आणि तिथल्या तिथे उत्तर लिहिलं.

'हयात आहे. सुया बारा, आज सकाळी ओवल्या.'