पॉइंट नंबर बहात्तर

अक्षर ठळक छापलं की मजकूर आपोआप खरा वाटू लागतो, हे प्रशासनाचं मूलतत्त्व आहे. म्हणूनच मोखाड्यातल्या आमच्या टंचाई व अक्षर-सुधार उपकक्षाने (टंचाई दोन्हींची होती) टँकरच्या गावांची नावं मोठ्या अक्षरात छापायचं ठरवलं.

संगणकात अक्षरांचे कोणकोणते आकार मिळतात, हे शोधायला उमेशने प्रोग्राम लिहिला. उमेश आमचा कंत्राटी ऑपरेटर. अक्षराचा आकार पॉइंटात मोजतात, हे त्याला ठाऊक होतं. तिथेच घोळ झाला. चाचणीला एक शब्द हवा होता. समोर सूर्यमाळच्या पाड्याचा टँकरसाठीचा अर्ज होता, म्हणून त्याने 'सूर्यमाळ' टाइप केलं. छापून आलं :

सूर्यमाळ. उपलब्ध पॉइंट : ८, ९, १०, ११, १२, १४, १८, २४, ३६, ४८, ७२.

कागद त्याच अर्जाला टाचला गेला. आमच्याकडे पॉइंट म्हणजे पाणी भरायची जागा. साहेबांनी वाचलं आणि त्यांना अक्षरशः भरून आलं. एका पाड्याला अकरा पॉइंट! टँकर तत्काळ रद्द झाला आणि पॉइंटांची यादी पाड्यावर पाठवली गेली. (तेरा नंबर दिसत नाही, तो उन्हाने आटला असावा, असा शेराही आहे. इतकी प्रामाणिक कार्यालयं आता कुठे राहिलीत?)

त्याच आठवड्यात पाड्यावरच्या हौशीबाई जीपने आल्या.

"साहेब, यो बहात्तर नंबर कोन्या दरीत आहं? मी हंडा घेऊनच आलेय."

उमेश उठून म्हणाला, "साहेब, ते अक्षराचे पॉइंट आहेत. चूक माझी."

"आकडे संगणकाने दिलेत ना? मग चूक तुझी कशी?" साहेब मायेने म्हणाले. चूक नामंजूर झाली.

"मंग पोरांना काय अक्षरं पाजू?" हौशीबाईंनी विचारलं.

साहेबांनी प्रश्नाची नोंद घ्यायला लावली, चौदा पॉइंटात. हंडा रिकामा होता, हे खरं. पण रिकामा हंडा म्हणजे पुरावा नव्हे. तो वाटेत सांडलाही असेल.

आता अहवालाला लाभार्थी लागतात, आणि पाड्यावरचं कुणी सही देईना. सुदैवाने तुम्ही आहात. हे सगळं तुम्ही बारा पॉइंटात, निवांत वाचलंत, बहुधा पाण्याचा ग्लास शेजारी ठेवून. मध्ये एकदोनदा हसलातही. तेव्हा सूर्यमाळच्या बारा नंबरच्या पॉइंटवर तुमचं नाव लावलं आहे.

हौशीबाईंना तसं कळवलंय. पाणी तुमच्याकडे आहे.